‘वाटोळे’ म्हणजे गोल आणि ‘वाटोळे’ म्हणजे नाश: शिकागो विद्यापीठाच्या मराठी शब्दकोश-सेवेचे परीक्षण

शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया’ या संकेतस्थळावर दक्षिण आशियातील अनेक भाषांचे शब्दकोश विनामूल्य पाहता येतात आणि त्यांत मराठीचा वाटा भरघोस आहे. जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ सालची वाढवलेली दुसरी आवृत्ती तेथे आहे, वझे यांचा १९११ सालचा शालेय कोश आहे, यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी १९३२ ते १९५० या काळात सिद्ध केलेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आहे, आणि शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला प्राचीन मराठीचा कोशही आहे. मुद्रितशोधनाच्या कामासाठी मी ही सेवा गेली काही वर्षे जवळजवळ रोज वापरते. अशा मोठ्या संग्रहाचे परीक्षण सरसकट करण्यात अर्थ नसतो, म्हणून मी कसोटीला एकच आकार घेतला आहे, तो म्हणजे गोल. गोलाभोवती मराठीने जे वाक्प्रचार, शिव्या, टोमणे आणि बोलीतली वळणे रचली आहेत, ती या कोशांत किती सापडतात आणि कशी समजावून दिली जातात, एवढेच येथे पाहायचे आहे.

ही कसोटी सुचण्याला एक प्रसंग कारणीभूत झाला. एका दिवाळी अंकासाठी आलेल्या कथेत ‘दारूपायी त्याने सोन्यासारख्या घराचे वाटोळे केले’ असे वाक्य होते आणि कथेचा गोषवारा इंग्रजीत हवा होता. घाईच्या वेळी कोणीतरी ते वाक्य भाषांतर करून देणाऱ्या एका ॲपमध्ये घातले. दारूमुळे त्या माणसाने आपले घर गोल आकाराचे केले, अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य बाहेर आले आणि ते तसेच पुढे छपाईला गेले असते, इतक्या शेवटच्या क्षणी ते माझ्या नजरेस पडले. मला त्या चुकीचा राग आला आणि वाईटही वाटले, कारण त्या एका शब्दात एका बाईचा संसार होता. त्या रात्री मी घरी येऊन ‘वाटोळे’ हा शब्द कोशात काढला.

खरे तर या शब्दाची दोन तोंडे मला लहानपणीच भेटली होती. वाईजवळच्या आमच्या गावी दिवाळीच्या आधी बेसनाचे लाडू वळायला आजी आम्हा मुलींना बसवीत असे. बेसन तुपात खमंग भाजून, परातीत कोमट झाले की त्यात पिठीसाखर मिसळायची, आणि मिश्रण पार गार व्हायच्या आत तळहाताला तुपाचे बोट लावून लाडू वळायचे. माझा लाडू नेहमी एका बाजूने बसका होई. “अगं, वाटोळा वळ की! हा काय पेढा करतेस?” असे आजी म्हणे. आणि त्याच बैठकीत, जमीन विकून बसलेल्या एका नातलगाचा विषय निघाला की तिच्याच तोंडून येई, “मेल्यानं घराचं वाटोळं केलं.” मी एकदा विचारले, “आजी, घर कसं गं वाटोळं होईल?” तिने परातीतून मान वर न करता उत्तर दिले, “काही उरलं नाही, म्हणजे वाटोळं. गणितात काही उरलं नाही की पाटीवर काय काढता तुम्ही?” पाटीवर आम्ही पूज्य, म्हणजे शून्य, काढत असू. आजी शाळेत फार शिकली नव्हती, पण तिने दिलेला तो खुलासा मला आजही पटतो.

आता कोशाकडे वळते. दाते-कर्वे यांची नोंद वाचण्याची एक रीत आहे आणि ती समजली की हा कोश एकदम बोलू लागतो. आधी शब्द, मग व्याकरणाची खूण, मग अर्थांचे क्रमांक, मध्ये संतवाङ्मयातले किंवा बखरीतले अवतरण, आणि सर्वांत शेवटी चौकोनी कंसात व्युत्पत्ती. मात्र माझी नजर प्रथम शोधते ती कंसातल्या एका अक्षराची खूण, ‘ल.’, म्हणजे लाक्षणिक. या एका अक्षराच्या पुढे मराठी माणसाचा स्वभाव उभा असतो. ‘वाटोळा’ हे विशेषण म्हणजे गोल, वर्तुळाकार, ही झाली आकाराची गोष्ट. ‘वाटोळें’ या नामाखाली मात्र आकार मागे पडून नाश, नायनाट हा अर्थ पुढे येतो. शब्द संस्कृत ‘वर्तुल’ यावरून आला आहे. प्राकृतात ‘र्त’चा ‘ट्ट’ झाला, मराठीत त्यातला एक ‘ट’ गळून आधीचा स्वर लांबला, आणि वर्तुलाचे वाटोळे झाले. पुढे तोच तत्सम शब्द आपण भूमितीसाठी ‘वर्तुळ’ म्हणून पुन्हा वापरात आणला. त्यामुळे एकाच मुळाची दोन भावंडे आज वेगवेगळ्या घरी नांदतात. वर्तुळ शाळेच्या कंपासपेटीत राहते आणि वाटोळे भांडणात, कोर्टकज्जात, दारूच्या गुत्त्याबाहेर. ‘साहित्यिक वर्तुळात चर्चा आहे’ असे आपण आदराने लिहितो, पण ‘साहित्याचे वाटोळे झाले’ म्हटले की सभेत खुर्च्या सरकतात.

गोल आकारातून शून्य आणि शून्यातून काहीच न उरणे, ही वाट मराठीला इतकी सवयीची आहे की ती तिने तीन-चार वेळा तुडवली आहे. परीक्षेत ‘भोपळा मिळाला’ म्हणतो तो याच आकारामुळे. क्रिकेटच्या मैदानावर फलंदाज पहिली धाव काढून ‘भोपळा फोडतो’ तोही हाच. ‘पूज्य’ हा शब्द तर अधिक विलक्षण आहे. पूजनीय असा त्याचा सरळ अर्थ, पण जुन्या हिशेबाच्या मराठीत पूज्य म्हणजे शून्य, आणि मोल्सवर्थच्या कोशात हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी आहेत. ‘अभ्यासाच्या नावाने पूज्य’ हा टोमणा माझ्या पिढीतल्या प्रत्येकाने ऐकलेला आहे. दिवा मालवला असे न म्हणता ‘दिवा शांत केला’, बांगडी फुटली असे न म्हणता ‘बांगडी वाढवली’ असे म्हणणाऱ्या समाजाने रिकामेपणालाही थोर नाव द्यावे, हे मला फार मराठी वाटते. आजच्या मुलांना ‘प. पू.’ मधला पूज्य ठाऊक असतो, हिशेबातला नसतो, आणि म्हणून ही नोंद त्यांना मुद्दाम दाखवावी अशी आहे.

‘गोल’ या शब्दाची नोंद काढताना मात्र वाचकाने सावध असले पाहिजे, कारण एका अक्षरलेखनाखाली निरनिराळ्या घराण्यांचे शब्द राहतात. संस्कृतातला गोल म्हणजे वर्तुळ किंवा चेंडूसारखा पदार्थ, भूगोल आणि खगोल या शब्दांतला. दुसरा गोल फारसीतून आलेला, सैन्याचा जमाव किंवा तुकडी या अर्थाचा. १४ जानेवारी १७६१ या दिवशी पानिपतावर मराठ्यांनी जी ‘गोलाची लढाई’ करायची ठरवली होती, त्या गोलात तोफा आणि पलटणी बाहेरच्या अंगाला आणि बाजारबुणगे व बायकामुले आत, अशी रचना अपेक्षित होती. ‘गोल मोडला’, ‘गोल फुटला’ हे बोल त्या लढाईच्या वर्णनांत येतात ते जिवाला लागतात. आजचा वाचक त्या शब्दात कंपासने काढलेले वर्तुळ पाहतो, पण शब्दाचा रोख आकारापेक्षा एकत्र धरलेल्या माणसांच्या जमावाकडे आहे, आणि हे कोश उघडल्याशिवाय ध्यानात येत नाही. तिसरा गोल इंग्रजांच्या फुटबॉलबरोबर आला आणि ‘गोल केला’, ‘गोल चुकवला’ असा कोल्हापूरच्या पेठांतून पक्का मराठी झाला.

‘गोलंदाज’ या शब्दाचा प्रवासही येथे डोळ्यांसमोर घडताना दिसतो. गोला आणि अंदाज, म्हणजे फेकणारा, असा हा फारसी घडणीचा शब्द, आणि १८५७ सालच्या कोशात गोलंदाज तोफेपाशी उभा आहे. त्याला मैदानावर आणून त्याच्या हातात लाल चेंडू देणे हे पुढच्या मराठी क्रीडा-पत्रकारितेचे काम. इतका नेमका शब्द आयता सापडला म्हणून आपल्याला ‘बोलर’ची गरज फारशी पडली नाही. जो कोणी प्रथम हा शब्द उचलून क्रिकेटला लावला असेल त्याचे मला मनापासून कौतुक वाटते.

गोळ्याचे वाक्प्रचार निराळ्या जातीचे आहेत. तेथे पोकळ शून्य नसून भरीव वस्तुमान आहे, आणि म्हणून त्यांचा अर्थही वजनाचा आहे. पोटात गोळा येतो तो भीतीने. ‘गोळाबेरीज’ म्हणजे सर्वांची मिळून रक्कम. ‘गोळीबंद आवाज’ म्हणजे घट्ट, खणखणीत, कुठेही न चिरकणारा आवाज, आणि ही उपमा ज्याने तमाशाच्या फडात शाहिराचा चढा सूर ऐकला आहे त्याला समजावून सांगावी लागत नाही. ‘माणसे गोळा झाली’ यात पिठाचा गोळा मळणाऱ्या हातांची आठवण आहे: सुटे कण पाणी लागले की एकत्र येतात, तशी माणसे.

फिरण्याच्या अर्थाने जे शब्द गोलाला चिकटले, ते बहुतेक तक्रारीचे आहेत. ‘गोलगोल बोलणे’ म्हणजे मुद्द्याला हात न लावता त्याच्याभोवती हिंडणे. सातबाऱ्यावरची एक चूक दुरुस्त करायला शेतकरी ‘चकरा मारतो’, ऐकणारा ‘चक्रावतो’, लहरी माणूस ‘चक्रम’ ठरतो आणि त्याहून पुढचा ‘घनचक्कर’. या गटाकडे पाहताना एक गोष्ट मला सतत जाणवते. वाटोळ्याच्या बाजूला गेलेले शब्द शेवट सांगतात, चकरेच्या बाजूला गेलेले शब्द शेवट न होण्याचे दुःख सांगतात. गोल रेघेला टोक नसते आणि आत काही नसते, अशी दोन वेगवेगळी निरीक्षणे मराठीने एकाच आकारावरून केली आणि दोन वेगवेगळी शब्दकुटुंबे उभी केली. हे मला कोणा भाषाशास्त्राच्या पुस्तकाने शिकवलेले नाही. एका संध्याकाळी तीन कोशांतल्या नोंदी एकाखाली एक लावून वाचताना दिसले, आणि या सेवेचे सर्वांत मोठे मोल मी यातच मानते. घरी छापील खंड असले तरी दाते-कर्वे यांचे सात विभाग आणि पुरवणी एकाच वेळी मांडीवर घेता येत नाहीत.

आता उणिवांविषयी. पहिली गोष्ट लेखनाची. हे जुने कोश १९६२ साली मराठी लेखनाचे नवे नियम येण्यापूर्वीचे असल्यामुळे त्यांत व्युत्पत्तीचे अनुस्वार शाबूत आहेत. आपण ‘वाटोळे’ लिहितो, कोश ‘वाटोळें’ लिहितो. ‘गोळा करणे’ तेथे ‘करणें’ असते. मी स्वतः शोधताना नपुंसकलिंगी नामाच्या आणि क्रियापदाच्या शेवटी अनुस्वार देऊन पाहते, आणि नव्याने ही सेवा वापरणाऱ्याने पहिल्या दिवसापासून तीच सवय लावून घ्यावी, नाहीतर असलेला शब्द नाही असे समजून तो परत फिरेल.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. संकेतस्थळाची पाने इंग्रजीत आहेत, आणि मोल्सवर्थचे अर्थही अर्थातच इंग्रजीत. मोल्सवर्थची इंग्रजी ही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरची, लांब श्वासाची, समानार्थी शब्दांच्या माळा ओवणारी आहे. मला ती आवडते. पण मराठी शाळेत शिकलेल्या आठवीतल्या मुलीला ‘वाटोळे’ समजावून घेण्यासाठी आधी ती इंग्रजी समजावून घ्यावी लागावी, हे योग्य नव्हे. अशा वाचकाने सरळ दाते-कर्वे यांच्याकडे जावे. तेथे मराठीचा अर्थ मराठीतच सांगितलेला आहे आणि शिवाय वऱ्हाडी, नागपुरी, राजापुरी, कुडाळी, गोमंतकी अशा बोलींच्या खुणाही कंसात दिलेल्या आहेत. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांची गोष्ट उलट आहे. त्यांना मोल्सवर्थचा कोश आणि मॅक्सिन बर्नसन यांचा शिकाऊ वाचकांसाठी केलेला, याच संकेतस्थळावरचा छोटा कोश, हे दोन्ही जवळचे वाटतील. फलटणमध्ये राहून काम केलेल्या बर्नसनबाईंच्या कोशात आजच्या रोजच्या वापरातला अर्थ आधी मिळतो.

तिसरे, शोधलेला शब्द तेवढा समोर येतो आणि शेजारी दिसत नाहीत, ही प्रत्येक संगणकीय कोशाची मर्यादा येथेही आहे. पुण्याच्या शुभदा-सारस्वत प्रकाशनाने १९७५ साली काढलेल्या मोल्सवर्थच्या पुनर्मुद्रणाची जाडजूड प्रत उघडली, की ‘वाटोळा’ शोधता शोधता वाट, वाटणी, वाटाणा, वाटी असे करत बोट खाली सरकते आणि वाटेत न मागितलेले दहा शब्द पदरात पडतात. संकेतस्थळावर नोंदीशेजारी छापील पृष्ठाचा क्रमांक दिलेला असतो, त्यावरून ते पान गाठून हा आनंद थोडाफार मिळवता येतो. तो क्रमांक दुर्लक्षू नये.

आणि चौथी गोष्ट काळाची. बोलीतले चलन दर दहा वर्षांनी बदलते, आणि १९५० साली पुरवणी निघून पूर्ण झालेल्या कोशाकडून कॉलेजच्या कट्ट्यावरचे शब्द मागणे हा त्या संपादकांवर अन्याय होईल. ‘त्या दोघांचं चक्कर चालू आहे’, ‘काय चक्कर आहे रे?’, ‘त्यानं मला चांगली गोळी दिली’, ‘गोळी मार त्याला’, ‘एक राउंड मारून येऊ’ हे सगळे आजच्या मुंबई-पुण्याच्या तोंडी असलेले मराठी आहे, बरेचसे हिंदीच्या संगतीने आलेले, आणि तरी आता आपलेच. यातल्या ‘गोळी देणे’ची गंमत अशी की तेथे बंदुकीची गोळी नसून औषधाची आहे: गुंगीत ठेवून फसवणे. ‘गोळी मार’मध्ये मात्र बंदूकच आहे. एकच गोल वस्तू, आणि दोन वाक्प्रचार दोन दुकानांतून आणलेले. हे कोणीतरी आजच, बोलणारे हयात असताना, तारखेसह आणि गावासह नोंदवले पाहिजे. दाते-कर्वे यांनी बोलींच्या खुणा घालून जी शिस्त घालून दिली, तीच येथे लागू आहे.

मी गेल्या वर्षापासून एक दोनशे पानी वही केली आहे. डाव्या पानावर शिकागोच्या सेवेतून उतरवलेला जुना अर्थ, उजव्या पानावर कानावर पडलेला नवा. ‘वाटोळे’च्या उजव्या पानावर सध्या माझ्या भाचीचे एक वाक्य आहे. नव्या फोनमध्ये जुने फोटो न येता सगळे पुसले गेले, तेव्हा ती रडवेल्या आवाजात म्हणाली होती, “मावशी, अख्ख्या मेमरीचं वाटोळं झालं गं.” ती अकरा वर्षांची आहे आणि तिने पणजीला पाहिलेले नाही. शब्द आणि त्याचा काही न उरल्याचा अर्थ मात्र तिच्यापर्यंत जसाच्या तसा पोचला आहे, आणि मी ते वाक्य तारखेसह, ‘ल.’ अशी खूण घालून लिहून ठेवले.